रिपोर्टवर ‘क्रॉनिक’ लिहिलंय? म्हणजे आजार गंभीरच, असं नाही!

फाइलवर ‘क्रॉनिक’ शब्द दिसला की घरात घबराट होते. ‘आता काही खरं नाही’ असाच अर्थ अनेकजण काढतात. पण हा शब्द आजार किती गंभीर आहे ते सांगतच नाही. तो सांगतो, आजार किती काळ टिकलाय.

मूळ ग्रीक शब्द ‘क्रोनोस’, म्हणजे काळ. ‘क्रॉनिक किडनी डिसीज’ म्हणजे 3 महिन्यांहून जास्त टिकलेला किडनीचा बिघाड. त्याच्या 5 स्टेज असतात आणि सुरुवातीला अनेकांना त्रास जाणवतही नाही. (म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका!) याउलट ‘अक्यूट’ म्हणजे अचानक उद्भवलेलं. हार्ट अटॅक अक्यूट असतो. तिथे खरी धावपळ करायची.

आजाराबाहेरही हाच अर्थ चालतो. ‘ही इज अ क्रॉनिक लायर’ म्हणजे तो सवयीनं खोटं बोलतो. एखादी थाप मारणारा क्रॉनिक नाही. ‘द टाउन हॅज अ क्रॉनिक वॉटर शॉर्टेज’ म्हणजे तिथली पाणीटंचाई वर्षानुवर्षांची. फक्त यंदा पाऊस कमी पडून टँकर आले असतील, तर ती ‘अक्यूट शॉर्टेज’. गंमत म्हणजे हा शब्द वाईट गोष्टींनाच चिकटतो. ‘क्रॉनिक ऑनेस्टी’ कुणी म्हटलंच, तर तो टोमणा समजा.

गोंधळ वाढवणारा एक अपवाद आहे. ब्रिटनच्या बोलभाषेत ‘द फूड वॉज क्रॉनिक’ म्हणजे जेवण अगदी भिकार होतं. डॉक्टर मात्र या अर्थानं लिहीत नाहीत. त्यांना विचारायचा प्रश्न वेगळा: ‘स्टेज कोणती?’