पापणीवरची पुळी आणि पापणीवरची गांठ



रांजणवाडीसारख्या क्षुल्लक दुखण्यावर नभोवाणीचीं दहा मिनिटें खर्च करण्याचें प्रयोजन काय, असें आपल्यापैकीं कित्येकांना वाटेल. जेथें ती कधींच आली नाहीं असें घर विरळा. आणि ती आली म्हणून कोणी अंथरूण धरिलें असेंही सहसा ऐकूं येत नाहीं. परंतु दुखणें क्षुल्लक मानलें गेल्यामुळेंच त्याच्या बाबतींत दोन चुका घडतात. पहिली उतावळेपणाची: पुळी दिसली कीं ती पिळावयाची, तिच्यावर कांहीं तरी चोळावयाचें. दुसरी बेफिकिरीची: महिनोन् महिने राहिलेली गांठ "रांजणवाडीच ती" म्हणून सोडून द्यावयाची. पहिल्या चुकीनें साधें दुखणें वाढतें. दुसरीमुळें क्वचित् प्रसंगीं डोळ्यावर आणि प्राणावरही बेततें. म्हणून केव्हां धीर धरावा आणि केव्हां मुळींच धरूं नये, एवढाच मुद्दा आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम पापणीची घडण पाहूं. पापणी हा नुसता कातडीचा पडदा नव्हे. तिच्या आंत दाट तंतूंची एक चिवट पट्टी असते आणि त्या पट्टींत तेल तयार करणारे बारीक पिंड उभे, एकाशेजारीं एक असे रचलेले असतात. वरच्या पापणींत ते सुमारें २५ ते ४० व खालच्या पापणींत २० ते ३० असतात. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्यानें १६६६ सालीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांना माइबोमचे पिंड असें म्हणतात. त्यांतून पाझरणाऱ्या तेलाचा पातळ थर डोळ्यांतील पाण्यावर पसरतो आणि तें पाणी लवकर उडून जाऊं देत नाहीं. यांशिवाय पापणीच्या केंसांच्या मुळाशींही आणखी लहान पिंड असतात.

या पिंडांपैकीं एखाद्यांत त्वचेवर व नाकांत वस्ती करणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतु शिरले, म्हणजे तेथें पू धरतो. हीच आपली रांजणवाडी. पापणीची कड लाल होते, ठणकते, हात लावूं देत नाहीं. एकदोन दिवसांत पिंवळें तोंड दिसूं लागतें आणि बहुधा आठवड्याच्या आंतबाहेर ती आपोआप फुटून बरी होते. लॅटिनमधील तिच्या नांवाचा अर्थ जवाचा दाणा असा आहे.

दुसरा प्रकार कॅलेझियन नांवाच्या गांठीचा. येथें जंतूंचा संबंध प्रायः नसतो. तैलपिंडाचें तोंड बंद होतें, आंतील तेल तुंबतें व आजूबाजूच्या मांसांत झिरपतें. शरीर त्या तेलाला परका पदार्थ समजून त्याच्याभोंवतीं सूज आणितें. अशा रीतीनें पापणीच्या कडेपासून किंचित् दूर एक वाटोळी, टणक, बहुधा न दुखणारी गांठ तयार होते. कॅलेझियन या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लहानशी गार. कित्येकदां रांजणवाडी ओसरल्यावर मागें अशीच गांठ राहते.

हा भेद आपल्याकडील प्राचीन वैद्यांनाही ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत पापणीचे २१ रोग सांगितले आहेत. त्यांतील अंजननामिका ही आग होणारी व टोचणारी तांबूस पुळी, तर लगण ही न पिकणारी, न दुखणारी, बोराएवढी कठीण गांठ आहे. पहिलीला शेक सांगितला असला, तरी छेदानें बऱ्या होणाऱ्या रोगांत तेथें दोहोंचीही गणना केलेली आढळते.

आतां घरगुती उपायाकडे वळूं. थंडीच्या दिवसांत तुपाचें भांडें थिजतें, तेव्हां गृहिणी तें बोटानें उकरीत बसत नाहीं. चुलीजवळ सरकवून ठेवते. थिजलेल्या पिंडाचा उपायही तोच, म्हणजे ऊब. हात साबणानें धुवावे. स्वच्छ, मऊ कापडाची घडी गरम पाण्यांत बुडवून पिळावी. मनगटाच्या आंतल्या बाजूस लावून ती सुखानें सोसते कीं नाहीं तें पाहावें आणि मग मिटलेल्या डोळ्यावर ठेवावी. कापड दोन मिनिटांत निवतें, म्हणून तें पुन्हां पुन्हां गरम करून एका वेळीं पांच ते दहा मिनिटें शेक द्यावा. असें दिवसांतून तीनचार वेळां करावें. कढत पाण्यानें पापणी भाजते हें विसरूं नये; लहान मुलांच्या बाबतींत तर विशेष जपावें. न दुखणारी गांठ असेल, तर शेकानंतर बोटाच्या टोकानें वरची पापणी खालीं आणि खालची पापणी वर, अशी केंसांच्या कडेकडे अगदीं हलक्या हातानें चोळावी. या उपायास पैसा लागत नाहीं, पण चिकाटी लागते. दोन दिवस शेकून "कांहीं उपयोग नाहीं" म्हणणारांची संख्या मोठी आहे. गांठ विरण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात.

काय करूं नये, हेंही तितकेंच महत्त्वाचें. पुळी नखांनीं फोडूं नये, सुईनें टोंचूं नये, पिळूं नये; तसें केल्यास पू आंतल्या बाजूस पसरतो. कोणी लवंग उगाळून लावतात, कोणी लसूण चोळतात. पापणीची कातडी शरीरांतील सर्वांत पातळ कातडी होय. ती या पदार्थांनीं पोळते आणि रस डोळ्यांत उतरला तर बुबुळालाही इजा होते. तळहातावर बोट घांसून तें पुळीवर टेकण्याची रीत त्या मानानें निरुपद्रवी, कारण तींत थोडी ऊब आहे. मात्र बोट स्वच्छ हवें. पुळी असेपर्यंत काजळ, सुरमा व इतर प्रसाधनें बंद ठेवावीं, कॉन्टॅक्ट लेन्स घालूं नयेत आणि टॉवेल निराळा ठेवावा.

औषधांच्या दुकानांतून स्वतःच्या मतानें थेंब विकत आणून घालणें हा शहरांतील एक नवा रोगच आहे. गांठींत जंतु नसतील, तर जंतुनाशक थेंबांचा तिला कांहीं उपयोग नाहीं. आणि स्टेरॉइड असलेले थेंब वैद्यकीय देखरेखीवांचून दीर्घकाळ घातल्यास डोळ्यांतील दाब वाढून कांचबिंदु होऊं शकतो. क्षुल्लक पुळीपायीं दृष्टि गमावण्याचा हा मार्ग कोणी पत्करूं नये.

नेमानें शेक देऊनही महिना दोन महिन्यांत गांठ विरली नाहीं, किंवा तिच्या भारानें बुबुळ दाबलें जाऊन दिसणें अंधुक झालें, तर नेत्रवैद्याकडे जावें. तो पापणी बधिर करून उलटवितो, आंतल्या बाजूनें लहानसा छेद घेतो व गांठींतील द्रव्य खरवडून काढतो. काम थोड्या मिनिटांचें असतें आणि छेद आंतून असल्यामुळें चेहऱ्यावर व्रण दिसत नाहीं. कित्येकदां छेदाऐवजीं गांठींत स्टेरॉइडची सुई देतात. सांवळ्या वर्णाच्या माणसांत त्या जागेची कातडी फिकट पडण्याचा संभव असतो, हें आधीं विचारून घ्यावें.

आतां ज्या प्रसंगीं थांबूं नये ते प्रसंग. पहिला: सूज सर्व पापणीवर व गालाकडे पसरली, ताप आला, डोळा हालवितांना दुखूं लागला, एकाच्या दोन वस्तु दिसूं लागल्या किंवा डोळा पुढें आल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशीं, रात्र असली तरी, रुग्णालय गांठावें. जंतु डोळ्यामागील पोकळींत उतरल्याचीं तीं चिन्हें आहेत. दुसरा प्रसंग लहान मुलांचा. मोठी गांठ मुलाची पापणी खालीं ओढून धरील किंवा त्याची नजर बिघडवील, तर वाढत्या वयांत तो डोळा कायमचा मंद होण्याचा धोका असतो. मूल तक्रार करीत नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये.

तिसरा प्रसंग सर्वांत फसवा. पापणीच्या तैलपिंडांना एक प्रकारचा कर्करोग होतो आणि आरंभीं तो हुबेहूब साध्या गांठीसारखा दिसतो. पाश्चात्य देशांत तो विरळा आहे. भारतांत मात्र पापणीच्या कर्करोगांमध्यें त्याचें प्रमाण बरेंच मोठें आढळतें. घरांतील वडील माणसांपैकीं कोणाची गांठ काढल्यावर पुन्हां त्याच जागीं आली, तेथील पापणीचे केंस गळूं लागले, पापणीची कड झिजली, रक्त येऊं लागलें, किंवा एकाच डोळ्याची लाली उपचार करूनही हटत नसली, तर त्या भागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून घेण्याचा आग्रह धरावा. वेळीं ओळखला तर हा रोग शस्त्रक्रियेनें आटोक्यांत येतो. वेळ दवडली तर तो गळ्यांतील गांठींपर्यंत आणि त्यापलीकडेही पसरतो.

रांजणवाडी एकामागून एक येत राहिली, तर पापणीच्या कडेस खपल्या धरून सूज राहते कीं काय, तें तपासवावें. मधुमेहाचीही परीक्षा करून घेणें शहाणपणाचें ठरतें. अशा माणसांनीं रोज सकाळीं पापण्यांना ऊब देऊन त्यांची कड स्वच्छ पुसावी व डोळे चोळण्याची संवय सोडावी.

तेव्हां घरांत कोणाच्या पापणीवर कांहीं दिसलें, तर भिंतीवरील दिनदर्शिकेवर त्या तारखेस एक खूण करून ठेवावी आणि शेक सुरू करावा. दहा पंधरा दिवसांत उतार पडूं लागला नाहीं, तर ती खूण आपणांस वैद्याची आठवण करून देईल, आणि वैद्यानें "केव्हांपासून?" असें विचारलें, तर त्याचें उत्तरही तीच देईल.