परतणाऱ्या जवानाची शिदोरी

मोहिमेवरून परतणाऱ्या सैनिकाला नागरिकांकडून ज्या वस्तू मिळतात, त्यांची यादी देशोदेशी जवळपास सारखीच असते. गरम चहा-कॉफी, घरी केलेला खाऊ, कोरडे मोजे, दाढीचे सामान, घरी फोन करण्याची सोय. यांपैकी एकही वस्तू सैन्याला परवडत नाही असे नाही. पण लष्कराचा पुरवठा पलटणीच्या हिशेबाने चालतो आणि परतीच्या वाटेवर जवान पलटणीतून सुटा होतो. ही फट नागरिकांच्या दानाने अनेकदा भरून काढली आहे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला छातीवर टाचणीने लावलेल्या कागदी झेंड्यामागचा निधी वेगळा. १९४९ पासून गोळा होणारा तो पैसा प्रामुख्याने माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी असतो. वस्तूंच्या दानाचे गणित निराळे आहे, आणि ते बऱ्याचदा चुकते.

परतीचा प्रवास एकेकाळी लांबलचक असे. फॉकलंड युद्ध १४ जून १९८२ रोजी संपले. ब्रिटिश मरीन कमांडोंना घेऊन निघालेले ‘कॅनबेरा’ जहाज साउथॅम्प्टनला लागले ११ जुलैला. जहाजावरच्या त्या दिवसांत झोप झाली, भांडणे झाली, गेलेल्या सोबत्यांबद्दल बोलणे झाले. व्हिएतनाममध्ये याच्या उलट घडले होते. तिथे प्रत्येक अमेरिकी सैनिकाची मुदत वेगळ्या तारखेला संपे आणि तो प्रवासी विमानात बसून, बहुधा एकटाच, दोन-तीन दिवसांत आपल्या गावी पोहोचे. परतीला थोडा सावकाशपणा हवा, हा धडा पुढे ब्रिटिश लष्कराने गिरवला. अफगाणिस्तानातून परतणाऱ्या तुकड्या दीडेक दिवसासाठी सायप्रसला थांबवल्या जाऊ लागल्या. समुद्रात डुंबणे, गरम जेवण, मोजून दिलेली बिअर, संध्याकाळी विनोदी कार्यक्रम आणि मग घर. छोट्या सुखसोयी तिथे थेट लष्करी वेळापत्रकातच शिरल्या.

नागरिकांनी हेच काम स्वतःहून केल्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मेन राज्यातल्या बँगोर विमानतळावर सापडते. गाव आपल्याकडच्या तालुक्याच्या ठिकाणाएवढे, पण धावपट्टी ११,४४० फुटांची, कारण १९६८ पर्यंत तिथे ‘डाऊ’ हा हवाई दलाचा तळ होता. अटलांटिक ओलांडून आलेल्या विमानाला इंधनासाठी उतरायला ही सोयीची पहिली जागा. त्यामुळे कुवेत, इराक किंवा अफगाणिस्तानातून निघालेल्या हजारो सैनिकांचे पाय मायभूमीला प्रथम लागले ते बँगोरला. १९९१ च्या मार्चमध्ये आखाती युद्धावरून परतणाऱ्यांसाठी गावकरी जमू लागले आणि २००३ मध्ये इराक युद्ध सुरू झाल्यावर ‘मेन ट्रूप ग्रीटर्स’ हा गट पुन्हा उभा राहिला. विमान पहाटे तीनला येवो की हिमवादळात, निरोप मिळाला की माणसे हजर. बहुतेक जण साठी-सत्तरी ओलांडलेले, त्यांत बरेच स्वतः निवृत्त सैनिक. व्हिएतनामहून परतलेल्यांना जे थंड स्वागत मिळाले ते या पिढीच्या वाट्याला येऊ नये, ही भावना अनेकांच्या मनात होती. त्यांनी स्वागत केलेल्या सैनिकांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. सैन्यातल्या कुत्र्यांचीही ते वेगळी नोंद ठेवत.

देण्याच्या वस्तू किरकोळ. हस्तांदोलन, बिस्किटे, आणि सर्वांत मोलाचा मोबाइल फोन. स्वयंसेवकांकडे दान म्हणून मिळालेले, फुकट बोलता येतील असे फोन असत आणि विमानातून उतरलेल्या जवानाच्या हातात ते पहिल्या काही मिनिटांत पडत. २००३ साली ही गोष्ट किती नेमकी होती, हे आज हातात स्मार्टफोन असताना ध्यानात येत नाही. वाळवंटात वर्ष काढून आलेल्या माणसाकडे चालू फोन असण्याची शक्यता कमी होती. विमान थांबणार जेमतेम तास-दीड तास. त्यात दोन-अडीचशे जणांनी सार्वजनिक फोनपुढे रांग लावली असती, तर निम्म्यांना ‘पोहोचलो’ एवढेही सांगता आले नसते. सैन्याच्या कोणत्याही पुरवठा-यादीत न बसणारी ही गरज गावकऱ्यांनी दाराशी उभे राहून ओळखली. परतफेड म्हणून जवान आपल्या पलटणीची नाणी आणि बिल्ले देऊन जात. त्यांचा मोठा संग्रह विमानतळावर जमला. या ग्रीटर्सवर एरन गोडेट आणि गीता पुल्लापिल्ली यांनी केलेला ‘द वे वुई गेट बाय’ हा माहितीपट २००९ मध्ये आला. त्यातल्या तीन वृद्ध पात्रांपैकी एक दिग्दर्शकाची आई आहे. आजारपण, एकटेपण, थकलेले घर यांनी वेढलेल्या या माणसांना अवेळी येणाऱ्या विमानांनी उठून निघण्याचे कारण दिले, हे चित्रपट लपवत नाही. दानातून दात्यालाही काही मिळते हे कबूल करण्यात गैर काहीच नाही. दात्याची गरज घेणाऱ्याच्या गरजेहून मोठी झाली की मात्र बिघडते.

बँगोरच्या आधीचा आदर्श नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅट स्थानकाचा. १९४१ च्या डिसेंबरात तिथले लोक आपल्याच राज्याच्या तुकडीला भेटायला भेटवस्तू घेऊन गेले. गाडीत निघाली कॅन्ससची मुले. आणलेले सामान त्यांनाच देऊन टाकले गेले आणि त्यातूनच नाताळपासून उपाहारगृह सुरू झाले. गाडी दहा-पंधरा मिनिटे थांबायची. तेवढ्यात सँडविच, कॉफी, दूध आणि ज्याचा वाढदिवस असेल त्याला अख्खा केक. सुमारे सव्वाशे गावांनी आळीपाळीने भार उचलला, साखर आणि कॉफीचे रेशन असतानाही. युद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्यांच्या गाड्या पार पडेपर्यंत ते चालले आणि १ एप्रिल १९४६ रोजी बंद झाले. तोवर अंदाजे साठ लाख सैनिक तिथून गेले होते.

जखमी होऊन परतणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. अफगाणिस्तानातल्या हेलमंडमध्ये स्फोटात सापडलेल्या ब्रिटिश सैनिकाचे कपडे उपचारासाठी कापून काढले जात. त्याचे सामान तिथल्या ठाण्यातच राही आणि तो थोड्याच काळात बर्मिंगहॅमच्या सेली ओक रुग्णालयात डोळे उघडे, तेव्हा अंगावर रुग्णालयाचा झगा सोडून स्वतःचे काहीच नसे. स्थानिक देणगीदारांनी अशांसाठी पिशव्या भरल्या. आतले कपडे, ट्रॅकसूट, टूथब्रश, दाढीचे सामान. अमेरिकेत शिवणकाम जाणणाऱ्या स्वयंसेविकांनी पायाला बाहेरून लोखंडी सळ्या बसवलेल्यांसाठी वेल्क्रोने उघडणाऱ्या विजारी शिवल्या. एरवी अशा जखमीला पायजमाही घालता येत नाही. या शिवणाऱ्यांनी आधी जखम पाहिली आणि मग कात्री हातात घेतली. या क्षेत्रातले शहाणपण तेवढ्यात आले.

घेणारा कोण आहे हे पाहून देण्याची रीत जुनी आहे. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नाताळसाठी ब्रिटनच्या सतरा वर्षांच्या राजकन्या मेरीच्या नावाने निधी उभारला गेला. त्यातून सैनिकांना पितळी डबी, तंबाखू आणि सिगारेटी वाटल्या गेल्या. न ओढणाऱ्यांना आंबट गोळ्या आणि लेखनसाहित्य, परिचारिकांना चॉकलेट. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी फौजांसाठी वेगळी यादी होती. शिखांना तंबाखू वगळून खडीसाखर आणि मसाल्याची डबी, तर भिस्ती वगैरे सोबतच्या माणसांनाही मसाल्याची डबी. त्यात साम्राज्याची पायरी-पायरीने मोजणारी वृत्ती दिसते, हे खरे. पण फ्लँडर्सच्या चिखलात बेचव शिधा शिजवणाऱ्या माणसाला मसाला पाठवावा, हे ज्याला सुचले त्याला जेवण कळत होते.

त्याच युद्धात परतीची मुंबई वेगळी होती. मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर त्यांतले अनेक कैदेतच संपले. त्या आघाडीवरचे जखमी बोटींतून मुंबईला येत. फोर्टमधली नवी कोरी वस्तुसंग्रहालयाची इमारत, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तेव्हा लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. आघाडीवरच्या वैद्यकीय व्यवस्थेचा पुरता बोजवारा उडाला होता, इतका की १९१७ मध्ये चौकशी आयोगाने त्यावर ताशेरे ओढले. अशा वेळी दानाच्या चादरी आणि बिस्किटे उपयोगी पडतात, तशी सरकारची लाजही झाकतात. १९६२ मध्ये हेच वेगळ्या रूपात दिसले. सुती गणवेशातले जवान हिमालयात उंचावर पाठवले गेले होते आणि देशभरच्या घरांत बायका स्वेटर विणत होत्या. त्या विणकामाची आठवण आजही अभिमानाने निघते. लोकर आधीच का पोहोचली नव्हती, हा प्रश्न त्या आठवणीत सहसा येत नाही.

उलट टोकाला आहे अतिदानाची डोकेदुखी. अमेरिकेत कोणत्याही अनोळखी सैनिकाच्या नावे पाकीट पाठवता येण्याची योजना होती. २००१ मध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेल्यावर ती थांबवण्यात आली. ब्रिटनमध्ये तर संरक्षण खात्याने लोकांना विनंतीच केली, की नाताळात अनोळखी सैनिकांना पार्सले पाठवू नका. कारण साधे होते. हेलिकॉप्टरमधली जागा ठरलेली, आणि परक्यांच्या मोज्यांच्या ढिगाखाली आईने पाठवलेले पत्र अडकत होते.

महाराष्ट्रातून दर दिवाळीला सीमेवर फराळ जातो. ही प्रथा गोड आहे, मात्र टीकेच्या पलीकडची नाही. शेव, चिवडा, शंकरपाळी हा प्रवास सोसतात. ओल्या नारळाची करंजी सोसत नाही आणि चकलीचा बहुधा चुराच पोहोचतो. सियाचीनवर अंडी आणि फळांचा रस हातोड्याने फोडावा लागतो, हे जवानांनीच काढलेल्या चित्रफितीत २०१९ मध्ये सगळ्यांनी पाहिले. तरीही डबे भरले जातात, टेम्पोवर फ्लेक्स लागतो, पाहुण्यांच्या हस्ते झेंडा दाखवला जातो. जाणाऱ्या टेम्पोला जेवढे कॅमेरे असतात, तेवढी माणसे येणाऱ्या जवानासाठी स्थानकावर नसतात.

मराठी जवानाची परतीची वाट कित्येक वर्षे जम्मूतावीहून पुण्याला येणाऱ्या झेलम एक्स्प्रेसची. अंतर दोन हजार किलोमीटरच्या वर, गाडीत दोन रात्री. रजा मंजूर झाली की रेल्वे प्रवासाचे वॉरंट घेऊन निघायचे, आरक्षणासाठी एमसीओच्या, म्हणजे स्थानकावरच्या लष्करी वाहतूक कार्यालयाच्या, खिडकीवर उभे राहायचे, काळी ट्रंक बाकाखाली सरकवायची. पुण्यात उतरल्यावर साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या आतल्या गावात पोहोचायला पुन्हा एसटी, आणि गाडीला उशीर झाला असेल तर शेवटची एसटी गेलेली. बँगोरच्या म्हाताऱ्यांनी इथे उभे राहून पाहिले असते, तर त्यांना लाडवांची नव्हे, आंघोळीला गरम पाण्याची, ट्रंक ठेवायला कुलपाच्या खोलीची आणि रात्री अकरानंतर गावापर्यंत सोडणाऱ्या गाडीची उणीव दिसली असती. गणेश मंडळांकडे गाड्याही आहेत आणि रात्र जागवणारी पोरेही. वस्तूच द्यायच्या असतील, तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा जवळच्या लष्करी रुग्णालयाच्या कल्याण अधिकाऱ्याकडे काय कमी आहे ते विचारता येते. उत्तर बहुधा नीरस असते. चप्पल, टॉवेल, चार्जर, पुढे उघडणारा सदरा.