लोरेंट्स-रूपांतरण : सूत्र आणि अर्थ

सापेक्षता सिद्धांताचा उदय १९०५ साली झाला असे मानण्यात येते. परंतु त्याच्या मुळाशी असलेली रूपांतरण-समीकरणे त्यापूर्वीच उपलब्ध होती. मग आइन्स्टाइनने नवे असे काय केले? हा प्रश्न केवळ श्रेयनिर्णयाचा नसून सूत्र व त्याचा अर्थ यांतील भेदाचा आहे.

१८८७ मध्ये मायकेलसन व मोर्ली यांना पृथ्वीच्या ईथरमधील गतीचा अपेक्षित परिणाम आढळला नाही. त्याच्या स्पष्टीकरणार्थ डच शास्त्रज्ञ लोरेंट्स याने १८९२ मध्ये, गतिमान पदार्थ गतीच्या दिशेने आकुंचन पावतो, अशी कल्पना मांडली. पुढे १८९५ मध्ये त्याने ‘स्थानिक काल’ योजला :

का′ = का − (व × क्ष)/प्र²

येथे का हा काल, क्ष हे गतीच्या दिशेतील अंतर, व हा वेग आणि प्र हा प्रकाशवेग होय. लोरेंट्सच्या दृष्टीने का′ ही केवळ गणिताच्या सोयीची राशी होती. खरा काल एकच, तो का. संपूर्ण समीकरणे त्याने १९०४ मध्ये मांडली.

जून १९०५ मध्ये फ्रेंच गणिती प्वँकारे याने दाखविले की, या रूपांतरणांचा गट बनतो. म्हणजे अशी दोन रूपांतरणे एकापुढे एक केली असता त्याच प्रकारचे तिसरे मिळते. समीकरणांतील अनिश्चित गुणकाचे मूल्य १ च असले पाहिजे, हे त्याने या गुणधर्मावरून सिद्ध केले. तसेच क्ष² + य² + झ² − प्र²का² ही राशी रूपांतरणात बदलत नाही, हेही त्याने ओळखले. प्रकाशसंकेतांनी घड्याळे जुळविण्याचा विचार तर त्याने १९०० मध्येच केला होता. तथापि ईथरचा व ‘खऱ्या’ कालाचा त्याग त्याने केला नाही.

आइन्स्टाइनचा निबंध त्याच महिन्याच्या ३० तारखेस ‘आनालेन डेर फिजिक’ या नियतकालिकाकडे पोहोचला. परस्परांशी एकसमान वेगाने गतिमान असलेल्या सर्व निरीक्षकांना भौतिकीचे नियम सारखेच असतात, आणि प्रकाशाचा वेग उगमाच्या गतीवर अवलंबून नसतो, ही दोन गृहीतके त्याने स्वीकारली. त्यांवरून, पदार्थाच्या रचनेविषयी काहीही न मानता, तीच समीकरणे निष्पन्न झाली. दूरस्थ घटनांची समकालिकता निरीक्षकाच्या गतीवर अवलंबून असते, असे त्यावरून ठरले. स्थानिक काल हाच त्या निरीक्षकाचा खरा काल झाला आणि ईथर अनावश्यक ठरला.

१९०८ मध्ये कोलोन येथील व्याख्यानात मिंकोव्हस्कीने वरील अचल राशीला चतुर्मितीय अवकाश-कालातील ‘अंतरा’चे स्थान दिले. याच भूमितीचे व्यापकीकरण होऊन १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्णत्वास गेला. सूत्र लोरेंट्सचे, त्याची गणिती रचना प्वँकारेची आणि त्याचा भौतिक अर्थ आइन्स्टाइनचा, अशी ही विभागणी स्थूलमानाने करता येईल.