मशीन कोण चालवणार?

नवरात्र संपलं की आमच्या सिंधुदुर्गात दोन कामं एकदम अंगावर येतात. खाली मळ्यातलं भात कापायला आलेलं असतं आणि वर सड्यावरच्या काजूच्या बागेत गवत छातीला लागलेलं असतं. माणसं मात्र तेवढीच. पूर्वी वाडीतल्या दहा-बारा जणी विळे-कोयते घेऊन यायच्या आणि चार-पाच दिवसांत बाग बेणून व्हायची. त्यातच चहा, गजाली, भांडणं, सगळं व्हायचं. आता त्यांतल्या निम्म्या जणींनी साठी ओलांडलीय. त्यांच्या सुना काजूच्या कारखान्यात जातात, नाहीतर मुंबईला असतात. त्यांनी परत उन्हात वाकून गवत कापावं, असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आमची बाग चार एकर. कागदावर चार, पायी फिरायला गेलात तर आठ वाटेल अशी. एक बाजू उताराची, मधे जांभ्याचा उघडा कातळ, दोन पडके गडगे, कडेला करवंदीच्या जाळ्या आणि रानमोडीचं रान. झाडं वेंगुर्ला चार आणि वेंगुर्ला सात जातींची, शिवाय थोडा हापूस. हे सगळं सासऱ्यांनी डोक्यावरून पाणी वाहून जगवलेलं. ते २०१९ साली गेले. नवऱ्याची त्यानंतर बायपास झाली, त्यामुळे जड काम बंद. दोन्ही दीर मुंबईला. ते वाईट नाहीत हो, पण दर गणपतीत एक वाक्य ठरलेलं असतं, ‘एक पार्टी विचारत होती, देऊन टाकूया का?’

बागेतलं गवत काढायचं ते काही बाग गोजिरी दिसावी म्हणून नाही. काजूचा बोंडू पिकून बीसकट खाली पडतो, आणि ती बी वेचावी लागते. गवतात हात घालून बी वेचायची म्हणजे फुरशाला आमंत्रण. दुसरं म्हणजे वणवा. डिसेंबर उजाडला की हे सगळं गवत वाळून पिवळं पडतं आणि जानेवारी ते मार्च एक ठिणगी पुरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये वरच्या सड्यावरून आग आली. कोणी लावली, कशी लागली, ते कळलं नाही. आमची चौतीस काजू गेली. वीस-बावीस वर्षांची झाडं, मोहोराला आलेली. झाड जळून गेल्यावर त्याच्या जागी नवं कलम लावता येतं, पण त्याचं चांगलं पीक हातात यायला पुन्हा सहा-सात वर्षं. त्या वर्षी दिरांचं ते वाक्य गणपतीची वाट न बघता शिमग्यालाच आलं.

तेव्हा ठरवलं, गवताचा बंदोबस्त आपल्या हातात हवा.

सोपे उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. पहिला उपाय तणनाशकाचा. ग्लायफोसेट मारा, आठ दिवसांत मैदान. पण आमच्या उतारावरचं पाणी थेट विहिरीकडे येतं, आणि त्या विहिरीचं पाणी आम्ही पितो. शिवाय केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले, ते फक्त कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच मारायचं असा नियम केला. दुसरा उपाय पॉवर वीडरचा. ते यंत्र माती उकरतं. सपाट भाजीच्या वाफ्यात उत्तम, पण उतारावर माती मोकळी केली की पुढच्या पावसात ती आपल्याकडे राहत नाही, आणि काजूची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात.

तिसरा सल्ला थेट अमेरिकेहून आला. नणंदेची मुलगी आयोवात असते. तिने त्यांच्या घरामागचा व्हिडिओ पाठवला. तिकडे ‘झिरो टर्न’ म्हणून गवत कापायची गाडी असते. तिला स्टीअरिंग नसतं, दोन दांडे असतात. मागच्या प्रत्येक चाकाला वेगळी गती, म्हणून एक दांडा पुढे आणि एक मागे केला की गाडी जागच्या जागी गर्रकन फिरते. बसून, टोपी घालून, ऐटीत गवत कापायचं. मला फार आवडली! पण तिलाच खोलात विचारलं तेव्हा कळलं, की पुढची चाकं नुसती भिरभिरणारी असल्यामुळे उतारावर ती गाडी घसरली तर आवरत नाही. उतार साधारण पंधरा अंशांच्या वर गेला की बहुतेक कंपन्या नकोच म्हणतात, काही तर दहालाच थांबतात. उलटून माणूस खाली सापडू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी कमान आणि पट्टा असतो. आमच्या कातळावर तिची पाती पहिल्याच फेरीत गेली असती. आयोवातलं आयोवात शोभतं.

मग उरला ग्रासकटर. लांब दांडा, एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला फिरणारं पातं. हल्ली गावोगाव दिसतो. चालवणाऱ्या माणसासकट भाड्यानेही मिळतो, पण ऑक्टोबरमध्ये त्या माणसाची वाट बघण्यात दिवाळी उलटून जाते.

तालुक्याच्या दुकानात मी आणि नवरा गेलो. मी विचारत होते, दुकानदार उत्तरं नवऱ्याला देत होता. शेवटी त्याने यांनाच विचारलं, ‘मशीन चालवतलो कोण?’ बघा, प्रश्नातच ‘चालवतलो’! ‘चालवतली’ असं त्याच्या मनातही आलं नाही. मी म्हटलं, ‘मीच चालवतलंय.’ तो हसला. ‘वयनी, ह्या तुमका झेपाचा नाय.’

झेपतं की नाही हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा वजनकाट्यावर ठरवावं, म्हणून मी प्रत्येक मशीनचं वजन विचारत सुटले. यात दोन प्रकार. एकात इंजिन दप्तरासारखं पाठीवर, हे दहा-बारा किलोंपर्यंत जातं. अरुंद पायऱ्यांच्या जमिनीवर ते बरं, कारण दांडा मोकळा फिरतो. पण पाय घसरला तर पाठीवरचं चालू इंजिन पटकन टाकता येत नाही. दुसरा प्रकार खांद्याच्या पट्ट्याला बाजूला अडकवायचा, सात-आठ किलोंचा. मी तो घेतला. त्यातही टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मापात मिसळावं लागतं. पन्नासास एक म्हटलं तर लिटरला वीस मिली, पंचविसास एक म्हटलं तर चाळीस. प्रमाण कंपनीच्या पुस्तकात बघायचं, शेजाऱ्याला विचारायचं नाही. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळं असतं, आवाज आणि धूर कमी, किंमत जास्त. पस्तीस सीसीचा फोर-स्ट्रोक मला पुरेसा वाटला.

किमती आठ-दहा हजारांपासून चाळीस-पंचेचाळीस हजारांपर्यंत. स्वस्तातली मशीन वाईटच असतात असं नाही, पण सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा तालुक्यात आहे का, हे आधी बघा. आणि दुकानातच दोरी ओढून मशीन पाच वेळा स्वतः चालू करून बघा. दुकानदार ‘देवा, मी दाखवतंय’ म्हणतो, त्याला नम्रपणे बाजूला करा. रानात तो नसतो. दोन हातांचं, सायकलसारखं हँडल घ्या, त्यामुळे पाय पात्यापासून लांब राहतात.

पट्टा हा आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. तो बनवलेला असतो पुरुषाच्या मापाचा. माझी उंची पाच फूट. मशीन अडकवायचा हूक उजव्या कमरेच्या हाडाखाली साधारण एक वीतभर यायला हवा, तो माझ्या मांडीवर लोंबत होता. दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा मागितला आणि चांभाराकडून दोन भोकं वाढवून घेतली. सरळ काम, पण खांदेदुखी निम्म्याने कमी.

पाती तीन प्रकारची ठेवलीत. कोवळ्या गवताला आणि गडग्याच्या कडेला नायलॉनची दोरी, म्हणजे आपला मासे पकडायचा जाड तंगूसच समजा. वाढलेल्या गवताला तीन पात्यांचं. रानमोडीच्या खोडांना ऐंशी दातांचं. नायलॉनची दोरी लहान कलमाच्या सालीला लागली तर साल गोल सोलून झाड मरतं, म्हणून कलमाभोवती हातभर जागा सोडून तिथे विळाच चालवायचा.

पातं वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून डावीकडच्या भागाने कापायचं, उजवीकडून डावीकडे ओढत. घड्याळात बारा ते दोन वाजतात तो पात्याचा भाग दगडाला किंवा खोडाला लागला, की मशीन उसळून उजवीकडे फेकलं जातं. पंधरा मीटरांत कोणी नको, पोर नको, कुत्रा नको. जांभ्याचा खडा गोफणीसारखा उडतो. तोंडावर जाळी, आत गॉगल, कानात बोळे, पायात गमबूट. आणि साडी, गाऊन, ओढणी अजिबात नको. मी यांची जुनी जाड पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, बांगड्या काढून ठेवते. पहिल्या दिवशी वाडीतल्या आजी गडग्याशी उभ्या राहून बघत होत्या. ‘झील वाटलंस गो,’ म्हणाल्या.

एक टाकी संपली की बसायचं. हाताला मुंग्या येतात, त्या अंगावर काढायच्या नाहीत. मी दिवसाला अर्धा एकर करते, म्हणजे चार एकरांना आठ-नऊ दिवस. सुरुवात हद्दीपासून. कडेने रुंद पट्टा कापून तिथलं गवत पूर्ण उचलायचं, तीच जाळरेषा. ते गवत झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाकायचं, मात्र वणव्याचे दिवस आले की त्यावर डोळा ठेवायचा.

आता पैशांचं. यांत्रिकीकरणाच्या योजनेत महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्प भूधारक शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान असतं, कमाल रकमेच्या मर्यादेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. पूर्वसंमती मिळण्याआधी मशीन घेतलं तर अनुदान नाही. मला पूर्वसंमतीची वाट बघणं परवडलं नाही, गवत थांबत नव्हतं. बचत गटाकडून कर्ज काढून घेतलं, हप्ते चालू आहेत.

पण अर्जासाठी सातबारा काढला आणि तो वाचत बसले. नवरा, दोन दीर, दोन नणंदा. माझं नाव कुठेच नाही. जमीन थोडी, त्यामुळे ५० टक्के तसेही मिळाले असते; प्रश्न दहा टक्क्यांचा नव्हताच. तलाठी कार्यालयात चौकशी केली तेव्हा लक्ष्मी मुक्ती योजनेचं कळलं. नवऱ्याने तहसीलदारांकडे अर्ज केला तर त्याच्या हिश्शात बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. शासनाचं हे परिपत्रक १९९२ चं! तीस वर्षं उलटली, आमच्या वाडीत एकीलाही माहीत नव्हतं. यांनी काही न बोलता सही केली. फेरफार अजून व्हायचा आहे. नाव लागलं म्हणजे पुढच्या वेळी ‘देऊन टाकूया का’ हा प्रश्न मलाही विचारावा लागेल.

या वर्षी दिवाळीच्या आत बाग झाली. धाकटे दीर आले होते, वरपर्यंत फिरून आले, काही बोलले नाहीत. जाताना पेट्रोलला म्हणून दोन हजार ठेवून गेले. वाडीतल्या दोघी मशीन शिकायला येत्या रविवारी येणार आहेत. पेट्रोल त्यांचं, पातं माझं, असं ठरलंय. त्यांच्या पायाच्या मापाचे गमबूट मात्र बाजारात मिळत नाहीयेत.