उत्तरेच्या दाराचा अंधारा बोळ आणि भिंतीचा रंग

खानदेशातील भडगावच्या जुन्या वस्तीतील बरीच घरे रुंदीला कमी आणि लांबीला भरपूर असतात. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे खिडकीला जागाच नसते. उजेड येतो तो पुढच्या दारातून आणि मागच्या परसातून. ओट्यापासून स्वयंपाकघरापर्यंत जाणारा बोळ, ज्याला आता सगळे पॅसेज म्हणतात, हा अशा घराचा सर्वांत अंधारा भाग. त्यातून दार उत्तरेला असले तर वर्षातले सहा महिने तिथे उन्हाची तिरीपही शिरत नाही. दिवाळीच्या तोंडावर रंगकाम निघाले की या बोळापुरते उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते: पांढराशुभ्र देऊन टाका. रंग लागतो, वाळतो, आणि आठ दिवसांत घरातल्यांच्या लक्षात येते की बोळ उजळला नाही, नुसता राखाडी झाला.

याचे कारण रंगाच्या डब्यात नाही, दारातून येणाऱ्या उजेडात आहे. उत्तरेचा उजेड म्हणजे उन्हाचा नव्हे, आकाशाचा उजेड. सूर्यकिरण हवेतल्या रेणूंवर आदळून विखुरतात तेव्हा निळा भाग तांबड्यापेक्षा कितीतरी जास्त विखुरतो. आकाश निळे दिसते ते यामुळेच, आणि त्या आकाशातून घरात उतरणारा उजेडही निळसर असतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. भर दुपारचे ऊन साधारण ५५०० केल्विनचे, तर निरभ्र निळ्या आकाशाचा उजेड १०,००० केल्विनच्या घरात किंवा त्याही वर जातो. आकडा वाढेल तसा उजेड निळा होत जातो. चित्रकारांना हा उजेड प्रिय असतो, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही आणि कडक सावल्या पाडत नाही. घरात वावरणाऱ्याला मात्र तो थंड आणि उदास वाटतो.

युरोपातील रंगसल्ल्यांत उत्तरेची भिंत म्हणजे जवळपास बारमाही सावली असे धरलेले असते. भडगावचा हिशेब थोडा वेगळा आहे. गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साडेवीस अंशांच्या जरा पुढे आहे. मेच्या चौथ्या आठवड्यात इथे माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. २१ जूनला तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेकडे उगवतो. त्या दिवसांत सकाळी आणि सायंकाळी कलते ऊन उत्तरेच्या दारातूनही आत येते, ढग नसले तर. सप्टेंबर अखेरीपासून मार्च अखेरीपर्यंत मात्र काहीही येत नाही.

रंग निवडण्याच्या वेळेशी याचा सरळ संबंध आहे. लग्नसराईत, एप्रिल-मेमध्ये, खानदेशचे आकाश धुळीने पांढुरके झालेले असते. बोळात येणारा उजेड तेव्हा बराच उबदार असतो. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात धूळ धुऊन गेलेली, आकाश गडद निळे आणि सूर्य दक्षिणेकडे झुकलेला. बोळ वर्षभरात सर्वांत निळा दिसतो तो याच काळात. म्हणून दिवाळीआधी केलेली निवड जास्त भरवशाची: त्या उजेडात जो रंग ऊब टिकवून धरतो, तो उरलेल्या वर्षात बिघडत नाही. मेमध्ये पसंत केलेला फिका राखाडी किंवा निळसर पांढरा मात्र दिवाळीपर्यंत अंगावर येतो.

आणखी एक गोष्ट सहसा पाहिलीच जात नाही. गल्ली आठ-दहा फुटांची असेल तर दारातून आकाश दिसते थोडे, समोरच्या घराची भिंत दिसते जास्त. ती भिंत दक्षिणेकडे तोंड करून असते, म्हणजे हिवाळाभर उन्हात न्हाते आणि तेच ऊन आपल्या रंगात बुडवून समोरच्या बोळात पाठवते. समोरच्याने हिरवा ऑइल पेंट मारला असेल तर या घरातला बोळ हिरवट होणारच. दारात कडुनिंब असेल तरी तेच. तेव्हा दिशेच्या आधी दारात उभे राहून समोर काय आहे ते पाहावे. शेजाऱ्याचा रंग आपल्याला बदलता येत नाही, पण त्याला धरून आपला ठरवता येतो.

रंग उजेड तयार करत नाही, आलेला उजेड परत देतो. किती परत देतो याला परावर्तन म्हणतात; काही कंपन्यांच्या शेडकार्डावर तो आकडा एलआरव्ही या नावाने छापलेला असतो. शून्य म्हणजे संपूर्ण काळा, शंभर म्हणजे आदर्श पांढरा. चांगला पांढरा ८०च्या वर असतो, फिके क्रीम ७०-८०च्या दरम्यान. साध्या खोलीत हा फरक फार जाणवत नाही, कारण खिडकीचा उजेड थेट सगळीकडे पोचतो. बोळात तसे नसते. दाराशी आलेला उजेड आतल्या टोकाला जातो तो या भिंतीवरून त्या भिंतीवर टप्पे खात. भिंत दर टप्प्याला ८० टक्के उजेड परत देत असेल तर पाच टप्प्यांनंतर सुमारे ३३ टक्के शिल्लक राहतो. भिंत ५० टक्के देणारी असेल तर उरतो जेमतेम ३ टक्के. शेडकार्डावर हे दोन रंग शेजारी ठेवले तर एक जरा गडद एवढेच वाटते. बोळाच्या शेवटी त्याच दोघांत दहा पटींचा फरक पडलेला असतो.

हाच हिशेब रंगाच्या छटेलाही लागू होतो, आणि फसगत होते ती इथे. समजा एखादा पिवळा रंग तांबडा उजेड ८० टक्के आणि निळा ५० टक्के परत देतो. तीन टप्प्यांनंतर तांबडा ५१ टक्के उरतो, निळा १२ ते १३. दीडपटीचा फरक चौपट झाला. दुकानात लोण्यासारखा दिसणारा पिवळा बोळात हळदीसारखा दिसतो तो यामुळे. अनुभवी रंगारी म्हणूनच पसंत केलेल्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकी छटा घ्यायला सांगतात. गिऱ्हाईकाला वाटते हा पैसे वाचवतोय, तसे नसते.

तेव्हा हवा असतो तो जवळजवळ पांढराच रंग, पण ज्याच्या पोटात पिवळ्याची किंवा केशरी-गुलाबीची किंचित झाक आहे: हस्तिदंती, साय, फिके क्रीम. निळसर उजेडात ही झाक मारली जाते आणि भिंत स्वच्छ पांढरी दिसू लागते. उलट ज्या पांढऱ्यात निळ्याची झाक आहे तो राखाडी पडतो.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते, निदान अर्धे. चुना काढताना त्यात नीळ घालण्याची रीत सगळीकडे होती. चुन्याचा पिवळटपणा निळीने मारला जातो आणि उन्हातली भिंत डोळे दिपवणारी पांढरी दिसते. ओट्यावर, अंगणात हे उत्तम. तीच बादली आतल्या अंधाऱ्या बोळात वापरली की निळ्यात निळा मिळतो आणि भिंत शिशासारखी दिसते. बोळापुरत्या चुन्यात निळीऐवजी चिमूटभर पिवडी घातली तर काम होते. ती घालताना हात आवरावा लागतो. ओला चुना अर्धपारदर्शक असतो आणि वाळताना पांढरा होत जातो, त्यामुळे ओल्या भिंतीवरून छटेचा अंदाज येत नाही. जळगावपासून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याच्या लेण्यांत याहून अंधाऱ्या भिंती रंगवल्या गेल्या. तिथे मातीच्या गिलाव्यावर आधी पांढरा पातळ थर आणि त्यावर पिवळी माती, गेरू, हिरवी माती, काजळ असे रंग आहेत. उत्तरकाळातील लेण्यांत निळ्यासाठी लाजवर्दही. तांबड्या-पिवळ्या मातीचे उबदार रंग त्या सर्वांत उठून दिसतात.

वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर ही कुबेराची दिशा आणि तिला हिरवा किंवा निळा रंग, असे सांगितलेले असते. ज्यांना ते पाळायचे आहे त्यांनी पिवळ्याकडे झुकणारा अगदी फिका हिरवा घ्यावा. निळा मात्र या जागी भिंतभर लावण्याजोगा नाही.

अंधार दूर करायचा म्हणजे किती, हाही प्रश्न आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना हा बोळ घरातला सर्वांत गार कोपरा असतो, दुपारी आडवे होण्याची जागा. तिथे दिपवणारा उजेड कोणालाच नको असतो. बाहेर भर उन्हात एक लाख लक्स उजेड असतो. बोळाला शंभरेक लक्स पुरतात. एवढ्या उजेडातून इतक्या कमी उजेडात आल्यावर डोळ्यांना सावरायला काही मिनिटे लागतात. म्हणून गल्लीतून आत आलेला माणूस उंबऱ्याशी क्षणभर थबकतो, काही दिसत नाही म्हणून एक हात भिंतीला लावतो आणि मगच पुढे पाऊल टाकतो. बोळ वाटतो तितका अंधारा नसतो, डोळे उन्हात असतात. पाच मिनिटे आत बसल्याशिवाय रंगाचा निवाडा करू नये तो यासाठी.

त्या हाताची खूण भिंतीवर उरते. दारापासून तीन-चार फुटांवर, कमरेच्या वर, तळव्याच्या मापाचा काळपट तेलकट डाग जवळजवळ प्रत्येक जुन्या बोळात सापडतो. त्याखाली सायकलच्या हँडलचा ओरखडा, पोती नेताना घासलेली पट्टी. त्यामुळे खालच्या साडेतीन-चार फुटांना धुता येणारा ऑइल पेंट किंवा चांगल्या प्रतीचे इमल्शन आणि वर साधा रंग, ही डेडोची पद्धत रास्तच आहे. चूक होते ती त्याच्या रंगात. मळखाऊ म्हणून चॉकलेटी किंवा हिरमिजी निवडतात, आणि बोळाच्या निम्म्या भिंती उजेड गिळायला बसतात. दिवेलागणीच्या वेळी तांबडे रंग तर आणखी काळवंडतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये हे नोंदवले होते: उजेड कमी झाला की डोळ्याला तांबडे आधी काळे दिसते, निळे-हिरवे त्या मानाने उजळ राहते. डेडो वरच्या भिंतीपेक्षा दोन छटा गडद, बदामी किंवा वाळूच्या रंगाचा असला तरी मळ पुरेसा लपतो.

चकाकीने उजेड वाढतो हा समज तपासून घेण्याजोगा आहे. चकचकीत भिंत जास्त उजेड देत नाही, एकाच दिशेला देते. दारातून येणारा उजेड बोळाच्या भिंतीला तिरपा घासत जातो, त्यामुळे लांबी भरताना राहिलेला प्रत्येक खळगा आणि पट्टीची प्रत्येक रेघ चकचकीत रंगावर उमटून दिसते. वरच्या भागाला मॅटच बरा. उजेड पसरून देतो आणि भिंतीचे दोष झाकतो.

छत मात्र पांढरेच ठेवावे, भिंतीपेक्षा उजळ. जमिनीचा विचार फारसा होत नाही, पण आकाशाचा उजेड वरून खाली येतो आणि दारातून शिरल्यावर आधी जमिनीवरच पडतो. तिथे जुनी काळपट फरशी असेल तर निम्म्याहून जास्त उजेड पहिल्याच टप्प्याला संपतो. फरशी बदलायचीच असेल तर दाराजवळच्या सहा-आठ फुटांत फिकी घ्यावी. विंचवाच्या दिवसांत तिचा आणखीही उपयोग आहे: फिक्या फरशीवर विंचू चटकन दिसतो. बोळात उघडणाऱ्या खोल्यांची दारेही गडद तपकिरी ठेवण्यापेक्षा भिंतीच्या जवळच्या रंगात घ्यावीत. एखादा गडद रंग हवाच असेल तर तो समोरच्या शेवटच्या भिंतीला. लांबलचक बोळ त्याने जरा जवळ आल्यासारखा वाटतो.

दिव्याचा निर्णय रंगाच्या आधी व्हावा. बाजारात सर्रास मिळणारा पांढरा एलईडी ६५०० केल्विनचा असतो. क्रीम भिंतीवर तो पडला की रंग फिक्कट हिरवट, आजारी दिसतो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा, किंवा मधला ४००० केल्विनचा, याच भिंतीवर चांगला बसतो.

पसंती शेडकार्डाच्या इंचभर चौकोनावरून होऊ नये. दोन फूट बाय दोन फुटांचे पुठ्ठे घेऊन त्यांवर प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्यावेत. इमल्शन वाळल्यावर किंचित गडद होते, म्हणून रात्रभर थांबावे. एक पुठ्ठा दाराशी आणि एक आतल्या टोकाला टेकवून सकाळी आठला, दुपारी आणि दिवा लावल्यावर पाहावा. एकच रंग दोन टोकांना दोन दिसतो. निवड आतल्या टोकावरून करावी. भिंतीला लोणा फुटला असेल किंवा सामाईक भिंतीतून ओल येत असेल तर ते आधी निस्तरावे, कारण पापुद्रा सुटलेल्या भिंतीवर कोणतीच छटा टिकत नाही. काम झाल्यावर डेडोचा उरलेला रंग घट्ट झाकणाच्या लहान डब्यात काढून झाकणावर छटेचा क्रमांक आणि महिना लिहून ठेवावा. दाराजवळच्या त्या हाताच्या डागावर तो पुढच्या दिवाळीला लागणारच असतो.