लोहाधिक्यावरील मुखावाटे घ्यावयाची औषधे
गोंदियासह पूर्व विदर्भात सिकलसेल व थॅलेसेमियाचे रुग्ण आढळतात. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या रुग्णांत लोह साचते. एका पिशवीतून सुमारे २०० मि.ग्रॅ. लोह शरीरात जाते आणि ते उत्सर्जित करण्याची स्वाभाविक यंत्रणा शरीरास नाही. परिणामी हृदय व यकृत यांना इजा पोहोचते. पूर्वी डेस्फेरिऑक्सामाइन पंपाद्वारे त्वचेखाली रात्रभर द्यावे लागे. १९९५ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने डेफेरिप्रोन ‘केल्फर’ या नावाने आणले. अमेरिकेत त्यास २०११ मध्ये मान्यता मिळाली. त्याचे तीन रेणू लोहाच्या एका आयनास बांधून मूत्रावाटे बाहेर नेतात. तथापि क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात. म्हणून गोळीबरोबरच नियमित रक्ततपासणीची सोयही खेड्याजवळ असणे अनिवार्य ठरते.