घरगुती केक, चौदा आकडे आणि मैद्याचे पोते

जुन्या मद्रास रोडने के. आर. पुरम मागे टाकले की होसकोटे येते. एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीतले हे ठाणे आज पहाटेच्या दम बिर्याणीसाठी ओळखले जाते. भोवती निवासी संकुले उभी राहिली आणि संकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर घरगुती केकची विक्रीही सुरू झाली. केक करणारी मराठी असेल तर सल्ला बहुधा पुण्या-कोल्हापूरच्या मैत्रिणीचा असतो. अन्नसुरक्षेचा कायदा देशभर एकच असल्याने त्यातले बरेचसे बरोबर असते. मात्र स्थानिक संस्था आणि राज्याचे कर खाते कर्नाटकाचे, त्यामुळे सल्ल्यातल्या काही गोष्टी इथे लागू पडत नाहीत. अशा मिसळीतून तयार झालेले हे काही पक्के गैरसमज.

गैरसमज : घरच्या ओव्हनमध्ये हौसेने करते, परवाना कशाला?

वस्तुस्थिती : अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, 2006 'अन्नव्यवसाय' ठरवताना नफ्याचा विचारच करत नाही. नफा असो वा नसो, अन्न तयार करून विकणे हा व्यवसायच. कायद्याचे कलम 31 लहान उत्पादकाला परवान्यातून सूट देते, पण नोंदणीतून देत नाही. परवाना आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरगुती बेकरला बहुतेक वेळा नोंदणीच पुरते. 2011 च्या नियमावलीने त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा 12 लाख रुपये आणि शुल्क वर्षाला 100 रुपये ठेवले. मर्यादा आणि मुदत सरकार बदलत असते, म्हणून अर्जाच्या दिवशी फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर दिसेल तोच आकडा खरा मानावा.

अर्ज घरबसल्या भरता येतो. त्याच नियमावलीनुसार अधिकाऱ्याने सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीचा आदेश काढायचा असतो. यातले काहीच झाले नाही, तर लहान उत्पादकाला काम सुरू करता येते. हजारो रुपये मागणाऱ्या दलालाकडे जाण्याआधी हे माहीत असावे.

गैरसमज : अन्ननोंदणीचा चौदा आकडी नंबर मिळाला की सगळे कागद झाले.

वस्तुस्थिती : तो नंबर केकच्या चवीचे किंवा दर्जाचे प्रमाणपत्र नाही. अमुक जागी अमुक व्यक्ती अन्न तयार करते आणि तिची नोंद सरकारदरबारी आहे, एवढेच तो सांगतो. नोंदणीचा नंबर 2 ने आणि परवान्याचा 1 ने सुरू होतो. नोंदणी जागेशी बांधलेली असते. व्हाइटफील्डचे भाड्याचे घर सोडून होसकोट्याला आलात, तर जुना नंबर जसाच्या तसा डब्यावर छापता येत नाही.

व्यापार परवाना ही स्थानिक संस्थेची बाब आहे. पत्ता 'बेंगळुरू' लिहिला जात असला, तरी होसकोट्याची नगरसभा वेगळी आहे आणि भोवतालची बरीच संकुले ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतात. म्हणून शहरातल्या मैत्रिणीने महापालिकेत काय केले यापेक्षा आपण घरपट्टी कुठे भरतो ते पाहावे आणि त्याच कार्यालयात चौकशी करावी. उद्यम नोंदणी तिसरीच. ती पूर्णपणे मोफत असून लघुउद्योगांच्या योजना आणि कर्जासाठी कामी येते, पण केक विकण्याची परवानगी देत नाही.

गैरसमज : अंडे म्हणजे मांसाहार नव्हे, मग हिरवा ठिपका चालतो.

वस्तुस्थिती : घरात आपण काय मानतो ते वेगळे. लेबलच्या नियमांत अंडे मांसाहारी गटात मोडते. 2020 च्या नियमांनुसार मांसाहारी पदार्थाची खूण चौकोनातला तपकिरी त्रिकोण आहे आणि फक्त अंडेच असेल तर तसे वेगळे लिहिता येते. एकाच भांड्यात अंड्याचे आणि बिनअंड्याचे मिश्रण फेटणाऱ्या बेकरने 'एगलेस' लिहिताना दोनदा विचार करावा.

गैरसमज : उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटीशी संबंधच नाही.

वस्तुस्थिती : 40 लाखांची सवलत केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे. अनेक जणी केकबरोबर बेकिंगचे वर्गही घेतात. वर्ग ही सेवा, आणि ती आली की मर्यादा 20 लाखांवर उतरते. आइस्क्रीम विकणाऱ्यांनाही 40 लाखांची सवलत नाही, त्यामुळे आइस्क्रीम केक यादीत घालण्याआधी कर सल्लागाराला विचारावे. तिसरी गोष्ट सीमेची. होसकोट्याहून तमिळनाडूतले होसूर फार लांब नाही, पण तिथल्या ग्राहकाला केक पाठवणे म्हणजे आंतरराज्य विक्री. करपात्र वस्तूची अशी विक्री केली की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते.

जुलै 2025 मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. त्यांत बेकरीवालेही होते. त्या दिवसांत बेंगळुरूतल्या दुकानांवर 'नो यूपीआय'च्या पाट्या लागल्या. त्यातून 'रोख घेतले की कर नाही' हा नवा गैरसमज पसरला. मर्यादा एकूण उलाढालीवर मोजतात, पैसे कोणत्या वाटेने आले यावर नाही. खरी अडचण होते ती घरखर्चाचे आणि केकचे पैसे एकाच खात्यात येतात तेव्हा. भावाने पाठवलेली रक्कम आणि केकची जमा नंतर वेगळी करून दाखवणे कठीण जाते. धंद्याचे बँक खाते पहिल्या ऑर्डरपासून वेगळे ठेवावे.

गैरसमज : परवान्याशिवाय घाऊक माल मिळतच नाही.

वस्तुस्थिती : हा समज बहुधा 'कॅश अँड कॅरी' दुकानांमुळे रुजला. मेट्रो या परदेशी कंपनीने भारतातले पहिले असे दुकान 2003 मध्ये बेंगळुरूतच उघडले. परदेशी मालकीच्या घाऊक दुकानाने फक्त व्यावसायिकांनाच विकावे, अशी परकीय गुंतवणुकीची अट असल्याने तिथे कार्डासाठी धंद्याचा पुरावा मागत. 2023 मध्ये तो कारभार रिलायन्सकडे गेला. यशवंतपूरच्या घाऊक बाजाराच्या यार्डातल्या व्यापाऱ्यापुढे मात्र अशी अट कधीच नव्हती. पोते घ्या, पैसे द्या.

इथे उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. विकणाऱ्याने तुमचा नंबर मागितला नाही तरी तुम्ही त्याचा मागावा. 1 जानेवारी 2022 पासून अन्नव्यावसायिकाच्या बिलावर त्याचा चौदा आकडी नंबर असणे बंधनकारक आहे. कायद्याच्या कलम 26 नुसार बिल हीच विक्रेत्याची मालाबद्दलची लेखी हमी मानली जाते. उद्या क्रीम खराब निघाले आणि ग्राहकाने तक्रार केली, तर बिल नसलेल्या बेकरकडे दाखवायला काहीच उरत नाही.

गैरसमज : जितके मोठे पोते तितका फायदा.

वस्तुस्थिती : मैद्याबाबत हे अर्धे खरे आहे. लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या पाकिटावर जीएसटी लागतो, त्यापुढच्या पोत्यावर लागत नाही. दरही उतरतो. पण हिशेब खपाचा करावा. अर्ध्या किलोच्या केकला साधारण 100 ग्रॅम मैदा धरला आणि आठवड्याला दहा केक गेले, तर 50 किलोचे पोते जवळजवळ वर्षभर पुरेल. होसकोट्याच्या पावसाळ्यात तोवर त्यात टोके झालेली असतील. हेच पोते संकुलातल्या तिघी-चौघींनी वाटून घेतले तर परवडते.

व्हिपिंग क्रीमचा खोका स्वस्त पडतो, पण ते उणे 18 अंशांना ठेवावे लागते आणि एकदा वितळले की पुन्हा गोठवायचे नसते. घरच्या फ्रीजरमध्ये जागा किती, वीज जाते किती, हे आधी पाहावे. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेल असते. ते वापरण्यात गैर काही नाही, पण त्याला 'शुद्ध चॉकलेट' म्हणून विकू नये. बेकरी शॉर्टनिंग सुटे कधीच घेऊ नये. 1 जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्के आहे आणि बिनालेबलच्या डब्यात किती आहे ते कळायला मार्ग नसतो.

दर पाहताना जुनी बिले बाजूला ठेवावीत. 22 सप्टेंबर 2025 पासून लोण्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के, तर कोको पावडर, चॉकलेट आणि केक-पेस्ट्रीवरचा 18 वरून 5 टक्के झाला. नोंदणी नसलेल्या बेकरला खरेदीवरचा कर परत मिळत नाही, म्हणून ही कपात थेट तिच्या खर्चात दिसायला हवी. दिसत नसेल तर पुरवठादाराला विचारायचा हक्क आहे.

आधी अन्ननोंदणी, मग वेगळे बँक खाते, मग नगरसभेत किंवा ग्रामपंचायतीत चौकशी, आणि खप तीन-चार महिने स्थिर राहिला की घाऊक खरेदी. या क्रमाने गेलात तर सुरुवातीच्या कागदांवर एका बऱ्या केकच्या किमतीहून जास्त खर्च होत नाही. पोते त्यानंतर घ्या, आणि घेताना बिल मागून घ्या.